रुंद फळीचा ठावठिकाणा : पुण्याचा साग, जुना आणि नवा

सागाची एकसंध, पंधरा ते अठरा इंच रुंदीची फळी बुधवार पेठेतल्या जुन्या घरांत अजून रोजच्या वापरात दिसते. झोपाळ्याची बैठक, फडताळाचे दार, माजघरातला पाट, कोठीच्या पेटाऱ्याचे झाकण, या सगळ्यांना सांधा नसलेली फळी लागे आणि ती मिळतही असे. आज तशी फळी घ्यायला लाकडाच्या दुकानात गेलेल्या माणसाला बहुधा दोन फळ्या चिकटवून घेण्याचा सल्ला मिळतो. सल्ला वाईट नाही. पण रुंद फळी का मिळत नाही आणि कोठे मिळू शकते, हे त्यातून कळत नाही.

अडचण पैशापेक्षा झाडाच्या घेराची आहे. लाकडाच्या व्यापारात ओंडक्याचा व्यास कोणी मोजत नाही. दोरी किंवा टेप गुंडाळून घेर मोजतात. ४८ इंच घेराच्या ओंडक्याचा व्यास जेमतेम १५ इंच भरतो. साल आणि सालीलगतचे पांढरे लाकूड दोन्ही बाजूंनी काढल्यावर अकरा-बारा इंचांची फळी हाती लागते, तीही एखाददुसरीच. अगदी मधल्या फळीत झाडाचा बिंदू येतो आणि ती वाळताना तिथेच तडकते, म्हणून मोजायच्या त्या बिंदूच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या फळ्या. अठरा इंची फळीसाठी पावणेसहा-सहा फूट घेराचे झाड हवे. रानातल्या सागाला एवढा घेर यायला माणसाच्या तीन-चार पिढ्या जातात. लागवडीचा साग वीस-पंचवीस वर्षांत तोडला जातो. तेव्हा त्याचा घेर २४ ते ३० इंच, म्हणजे व्यास साडेसात ते साडेनऊ इंच असतो, आणि त्यातला बाहेरचा बराचसा भाग पांढऱ्या लाकडाचा असतो. अशा ओंडक्यातून पाच-सहा इंचांपलीकडे फळी निघत नाही, दुकानदार कितीही सज्जन असला तरी.

पेशवाईतल्या पुण्याला ही अडचण नव्हती. शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले तेव्हा दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीहून आणि सागवान जुन्नरच्या रानातून आणल्याचे सांगतात. नंतरच्या शंभर वर्षांत पेठांमधून जे वाडे उभे राहिले, त्यांच्या तुळया, खांब आणि कडीपाट याच सह्याद्रीकडच्या मोठ्या घेराच्या सागाचे. त्यातला पुष्कळ साग आगीत गेला. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला आणि सात दिवस जळत राहिला. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा जळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे पडले. उरलेल्यांतले बरेच पुढे भाडेकरू, वाटण्या आणि वाढीव बांधकामाच्या हिशेबात उतरवले गेले. तरीही पुण्यात रुंद सागाचा सर्वांत मोठा साठा आजही या जुन्या घरांतच आहे. तो आडवा, छताच्या आत आहे, एवढेच.

कडीपाटाचे छत म्हणजे तुळईवर जवळजवळ मांडलेल्या कड्या आणि त्यांवर अंथरलेले पाट, म्हणजेच फळ्या. वर माती, मग वरच्या मजल्याची जमीन. वाडा उतरवणारा कंत्राटदार सगळे लाकूड एकत्र उचलतो आणि तिथून ते जुन्या लाकडाच्या वखारींत येते. पाटांची रुंदी जागेवरच मोजता येते, पण वरची बाजू पाहिल्याशिवाय सौदा करू नये. मातीला टेकलेल्या बाजूला ओल मुरलेली असते आणि वाळवी आधी तिथूनच शिरते. खालची बाजू स्वयंपाकघराच्या धुराने काळी पडलेली असली तर तो दोष नाही. रांधा एकदा फिरवला की खालून तपकिरी-सोनेरी लाकूड निघते आणि चामड्यासारखा तो ओळखीचा वास येतो. वास न येता नुसती धूळ उडाली तर लाकूड साग नाही, किंवा आतून गेलेले आहे.

रुंद फळीसाठी पाटांपेक्षा तुळई जास्त कामाची. दहा इंच चौरस तुळई पट्ट्याच्या करवतीवर उभी चिरली की इंची जाडीच्या सात-आठ फळ्या पडतात, दीड-दोनशे वर्षे वाळलेल्या. मात्र तुळईच्या बाजूंवर कड्यांच्या खाचा आणि खुंट्यांची भोके असतात. त्यांच्यामधला सलग भाग किती लांबीचा, हे आधी खडूने आखून पाहावे. खिळे हा खरा धोका. जुने घडीव खिळे डोके तुटून आत राहतात, वर लाकूड मिटते, आणि करवतीचा पट्टा त्यावर आपटला की दात जातात. चिराईवाला त्यामुळेच जुने लाकूड नाकारतो किंवा जास्त दर सांगतो. चांगले लोहचुंबक फळीवरून इंचाइंचाने फिरवले तर निम्मे भांडण मिटते. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून रंगवलेले लाकूड बंद खोलीत घासू नये.

जुना साग तेवढा पक्का आणि लागवडीचा साग कच्चा, असा सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा. सागात वेगाने वाढलेले लाकूड कमजोरच निघते असे नाही; भार पेलण्यात चांगला लागवडीचा साग फारसा मागे पडत नाही. फरक पडतो तो गाभ्याच्या प्रमाणात. वाळवीला आणि बुरशीला टिकतो तो गाभा. पांढरे लाकूड सागाचे असले तरी भुंगा ते पोखरतो. मोठ्या घेराच्या झाडात गाभा भरपूर, म्हणून जुने लाकूड टिकाऊ ठरले. पेठेत अठराव्या शतकातली चौकट शाबूत आणि पंधरा वर्षांपूर्वीची भुसा झालेली दिसते, त्याचे कारण बहुधा एवढेच.

दुसरी वाट सरकारी डेपोंची. महाराष्ट्रात मोठ्या घेराचा साग विदर्भात, विशेषतः चंद्रपूर आणि गडचिरोलीत आहे. आलापल्लीजवळचे 'वनवैभव' हे राखलेले रान पाहिले की पूर्ण वाढीचा साग म्हणजे काय ते समजते. ते तोडीसाठी नाही. तोडीचा माल वन विभागाच्या आणि १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या डेपोंत येतो. बल्लारपूरचा डेपो त्यांत सर्वांत नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीचे सागवान २०२३ मध्ये तिथूनच गेले. डेपोत ओंडके घेरानुसार आणि प्रतीनुसार थप्प्यांत लावतात, प्रत्येकावर क्रमांक आणि हातोड्याचा शिक्का असतो, आणि विक्री लिलावाने होते. बयाणा भरून बोली लावायची. लिलाव आता ऑनलाइनही होतात, पण रुंद फळीसाठी ओंडका पाहायला माणूस गेलाच पाहिजे. ओंडक्याची दोन्ही तोंडे बघायची : मधोमध पोकळी आहे का, तड बिंदूपासून किती लांब गेली आहे, पांढरा कडा किती जाड आहे. बाहेरून सरळ आणि गोल दिसणारा ओंडका आत पोकळ निघणे सागात नवे नाही.

एक-दोन टेबलांसाठी लाकूड हवे असलेल्या माणसाला लिलावाची थप्पी परवडत नाही. त्याने चार सुतारांना सोबत घ्यावे, किंवा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या अशा व्यापाऱ्याकडे जावे, जो स्वतः ओंडके घेऊन चिरून देतो. तिथला बहुतेक धंदा दार-खिडक्यांच्या चौकटींचा आहे. पाच बाय अडीच, चार बाय अडीच इंचांचे तुकडे तयार मिळतात आणि ओंडका आला की तो त्याच मापात चिरला जातो. म्हणून रुंद फळी 'आहे का' असे विचारून भागत नाही. ओंडका चिरायच्या आधी पोहोचून, हव्या त्या जाडीत सलग चिरून मागावी लागते. हिशेब घनफुटात होतो. गोल ओंडक्याचे माप जुन्या रीतीने घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग गुणिले लांबी असे काढतात : ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी म्हणजे १० घनफूट. प्रत्यक्ष लाकूड त्यात पावणेतेरा घनफूट असते. वरचे पावणेतीन घनफूट चिराईतल्या घटीपोटी सोडलेले असतात. हे ठाऊक नसलेल्याला विक्रेता उदार वाटतो आणि चिराईनंतर लबाड.

परदेशी साग ही तिसरी वाट, आणि रुंदीच्या दृष्टीने सर्वांत कमकुवत. ब्रह्मदेशाचा साग एके काळी मुंबईमार्गे येत असे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात थांबवली. त्यानंतर कांडला बंदरातून गांधीधामच्या करवत गिरण्यांत येणारा आणि तिथून पुण्यापर्यंत पोहोचणारा माल मुख्यतः आफ्रिकेतल्या आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचा आहे. रंगाने फिकट, रेघा जाड, घेर लहान. चौकटीला उत्तम, अठरा इंची फळीची अपेक्षा त्याच्याकडून करणे व्यर्थ.

साग सोडला तर रुंदी स्वस्तात मिळते, हे पुणेकर सुतार फारसे बोलून दाखवत नाहीत. कोकणातला फणस मोठ्या घेराचा होतो, पिवळसर फळी देतो आणि रांध्याखाली मऊ असतो. आंब्याची फळी रुंद मिळते, पण तिला भुंगा फार लवकर लागतो. वाळवून आणि औषध लावूनच घ्यावी. शिसवीची रुंद फळी आता दुर्मिळ. सर्वांत दुर्लक्षित आहे तो रस्त्याकडेचा वर्षावृक्ष, ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात. पावसाळ्यात पुण्यात तो उन्मळून पडतो आणि बहुधा जळाऊ लाकूड म्हणून जातो. त्याच्या बुंध्यातून तीन फुटी फळी निघू शकते, गाभा अक्रोडासारखा गडद, आणि वाळताना तो आश्चर्य वाटावे इतका कमी वाकतो. अडथळा दोन गोष्टींचा. शहरातल्या झाडाच्या बुंध्यात पाट्यांचे आणि फलकांचे खिळे ठासून भरलेले असतात. आणि शहरातले झाड, खासगी आवारातलेही, १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचे संरक्षण मिळाले आहे. हे योग्यच आहे. प्रश्न पडलेल्या झाडाचा आहे, आणि ते कापणाऱ्या माणसाने बुंध्याचे दोन-दोन फुटी तुकडे करण्याआधी त्याला गाठण्याचा. लाकूड कोठूनही आणले तरी पावती आणि लागू असेल तिथे वाहतूक परवाना जवळ ठेवावा.

फळी समोर आल्यावर आधी तिचे टोक पाहायचे. टोकावरच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर फळी ओंडक्याच्या कडेकडून चिरलेली आहे. रुंदी जास्त मिळते, पण ती हलते. रेघा उभ्या असतील तर फळी बिंदूपासून सालीकडे अशी निघालेली आहे. ती अरुंद असते, पण शांत राहते. सागाचे ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत कमानीच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. पुण्याच्या वैशाखात आणि श्रावणात लाकडातल्या पाण्यात पाच टक्क्यांचा फरक पडला असे धरले, तर कमानीच्या रेघांची अठरा इंची फळी साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. उभ्या रेघांची तेवढीच फळी दोन मिलिमीटर. साडेचार मिलिमीटर म्हणजे दार अडकायला पुरेसे. म्हणून रुंद फळी चारही बाजूंनी स्क्रूने आवळून बसवू नये. जुन्या फडताळांची दारे चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली आढळतात ती याचसाठी, आणि झोपाळ्याच्या बैठकीला खालून आडव्या पट्ट्या असल्या तरी त्यांची भोके लांबट ठेवलेली असतात.

याच कारणाने काही कामांत चिकटवलेली फळी एकसंध फळीपेक्षा सरस ठरते. उभ्या रेघांच्या सहा इंची तीन फळ्या जोडून केलेला टेबलाचा माथा एका वाकणाऱ्या अठरा इंची फळीपेक्षा अधिक सपाट राहतो, आणि लागवडीच्या सागातूनही होतो. एकसंध रुंदीचा हट्ट जिथे शोभतो तिथे धरावा : झोपाळा, पाट, चौरंगाचा माथा, कोरीव काम करायचे दार. पोळपाटालाही सांधा नको, कारण रोज धुतला की तो उघडतो.

ताज्या चिरलेल्या फळीला इंचभर जाडीमागे एक वर्ष वाळायला द्यावे, सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, टोकांना मेण किंवा रंग लावून. जुन्या तुळईतून आजच चिरलेली फळीसुद्धा आतला ताण सुटल्यामुळे पहिल्या आठवड्यात वळते. तिला जाडीत पाव इंच जास्त ठेवून चिरावे, आणि एक पावसाळा कारखान्यात काढू दिल्यावरच शेवटचा रांधा मारावा.