तिथी, तारीख आणि यंत्राचा अर्जनवीस

एकाच दिवसाला तीन-चार नावे असण्याची हैदराबादला फार जुनी सवय आहे. निजामी अमदानीत सरकारी दप्तरात फसली सन चाले व त्याचे महिने आजूर, दै, बहमन अशा इराणी नावांचे असत. मशिदीत हिजरी तारीख पाहिली जाई, मराठी आणि तेलुगू घरांत शालिवाहन शकाचे पंचांग उघडले जाई आणि आगगाडी मात्र इंग्रजी तारखेने सुटे. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तरी सण चंद्राच्याच गतीने येत राहिले. आता हा सारा गुंता खिशातील दूरध्वनीत येऊन बसला आहे.

दूरध्वनीत दिसणारी दिनदर्शिका वस्तुतः दूरच्या एका संगणकावर ठेवलेली वही असते. गूगलने अशी वही २००६ साली लोकांसाठी खुली केली. या वहीत माणसाऐवजी एखाद्या आज्ञावलीने नोंद करावयाची, तर तिला एका ठराविक खिडकीवर ठराविक नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. या खिडकीस एपीआय म्हणतात. जुन्या कचेऱ्यांबाहेर अर्जनवीस बसत. पक्षकाराने आपले गाऱ्हाणे साध्या शब्दांत सांगावे आणि त्यांनी ते रीतसर मायन्यात उतरवावे, असा शिरस्ता होता. क्लायंट लायब्ररी नावाचे साधन म्हणजे या नव्या कचेरीचा अर्जनवीसच होय. नवी नोंद करणे, नोंदींची यादी मागणे, बदल करणे, नोंद रद्द करणे, हे सारे अर्ज तोच लिहितो. वहीच्या मालकाने दिलेले मुखत्यारपत्रही तोच सादर करतो. हे मुखत्यारपत्र केवळ वाचण्यापुरते देता येते किंवा लिहिण्याच्या अधिकारासह. जेथे वाचून काम भागते तेथे लिहिण्याचा अधिकार मागणारी आज्ञावली संशयास्पद समजावी.

परंतु अर्जनवीस कितीही निष्णात असला तरी मजकूर पक्षकाराचाच असतो. यंत्राला ‘दरवर्षी’ असा एक नियम सांगता येतो. २ ऑक्टोबरच्या गांधीजयंतीस तो एकदा लावला की काम झाले. गणेशचतुर्थीस तोच लावून पाहावा! महाराष्ट्रात ती २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला आली. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला जाते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण अकरा-बारा दिवस मागे सरकतो आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातो. इतर कालगणनांचे नियम लिहिण्याची सोय इंटरनेटच्या मानकांत २०१५ साली झाली खरी. मात्र चतुर्थी मध्यान्ही आहे की नाही, हा पंचांगकर्त्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

म्हणून विचारी आज्ञावलीकार पंचांगावरून दर वर्षाची नोंद स्वतंत्रपणे करतो आणि प्रत्येक नोंदीस स्वतःच ओळखनाव देतो. उदाहरणार्थ, रोमन लिपीत ‘गणेश’ आणि त्यापुढे शक १९४८. याचा लाभ मोठा आहे. अर्ज गेला पण उत्तर येण्यापूर्वी तार तुटली, तर तोच अर्ज पुन्हा देता येतो. त्या नावाची नोंद आधीच असल्यास खिडकीवरून नकार येतो आणि एका सणाचे दोन होत नाहीत. आणखी एक गोष्ट नवख्यांना चकविते. दिवसभराच्या नोंदीची अखेरची तारीख दुसऱ्या दिवसाची लिहावी लागते. १४ तारखेचा सण १४ पासून १५ पर्यंत असा नोंदवावयाचा.

नोंद पुढे ढकलण्याचा प्रसंग तर हैदराबादने स्वतःच घालून दिला आहे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि मिलाद-उन-नबी हे दोन्ही दिवस २८ सप्टेंबरलाच आले. विसर्जनाच्या आणि मिलादच्या मिरवणुका एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नयेत म्हणून मुस्लिम समाजातील धुरीणांनी मिलादची मिरवणूक १ ऑक्टोबरला नेली. २०२४ सालीही १७ सप्टेंबरच्या विसर्जनामुळे ती १९ तारखेस निघाली. सण जागचा हलला नाही, मिरवणूक हलली. ज्याने दोहोंची मिळून एकच नोंद केली असेल, त्याची येथे पंचाईत होते. दोन नोंदी असतील तर मिरवणुकीच्या ओळखनावाने फक्त तारीख बदलण्याचा अर्ज द्यावा. जुनी नोंद खोडून नवी लिहिली, तर कालचे आमंत्रण रद्द झाल्याचे आणि आज नवे आल्याचे लोकांना कळते. दोहोंचा संबंध मात्र कळत नाही.

घरोघरी यापेक्षा नाजूक प्रश्न येतो तो श्राद्धतिथीचा. काचीगुड्यातील वडिलांची तिथी न्यू जर्सीतील मुलाच्या दूरध्वनीत उतरते तेव्हा दिवसभराची नोंद इंग्रजी तारीख तीच ठेवते. तेथील अपराह्णी मात्र तिथी निराळी असू शकते. श्राद्ध जेथे करावयाचे तेथील तिथी पाहावयाची असते. तेव्हा त्या मुलासाठी न्यू जर्सीच्या पंचांगावरून वेगळी नोंद, वेगळ्या ओळखनावाने करावी लागते, आणि मूळ तिथी वर्णनात मराठीत लिहून ठेवावी लागते: मास, पक्ष आणि तिथी.