मोटरसायकलस्वाराचें हवेचें चिलखत

मोटरसायकल घरांत आली कीं तिच्याबरोबर काळजीहि येते. मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशिरां परतावयाची असली, म्हणजे वडील मंडळींचे कान रस्त्यावरील आवाजाकडे लागलेले असतात. ही काळजी अनाठायीं नाहीं. भारत सरकारच्या रस्तेवाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि त्यांपैकीं ७४,८९७ माणसें दुचाकीवरचीं होतीं. म्हणजे दर शंभरांत जवळजवळ पंचेचाळीस. अशा स्थितींत अंगांत घातल्यानें जीव वाचतो असें एखादें साधन बाजारांत आलें, तर तें घ्यावें कीं न घ्यावें हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं. एअरबॅग जाकीट हें असेंच एक साधन आहे. त्याची योग्यता किती, आणि संसारी माणसानें त्यासाठीं पैसे खर्चावे काय, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम तें चालतें कसें तें पाहूं. मोटरगाडींत चालकापुढें दडविलेली एअरबॅग टक्कर होतांच फुगते. मोटरसायकलस्वार मात्र धडकेबरोबर वाहनापासून सुटा होतो. म्हणून त्याची पिशवी वाहनांत न ठेवतां त्याच्या अंगावरच ठेवावी लागते. हंगेरींतील तामाश स्ट्राउब यांनीं १९७६ च्या सुमारास या कल्पनेचें पेटंट घेतलें. जाकिटाच्या आंत छाती, पाठ, खांदे व मान यांच्या भोंवतीं घडी केलेली पिशवी असते, आणि जोडीला दाबून भरलेल्या वायूची लहानशी नळी असते. पिशवी फुगविण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेंत जाकिटाची दोरी मोटरसायकलला अडकविलेली असते. स्वार फेंकला गेला कीं दोरीस सुमारें तीस किलोंचा हिसका बसतो, नळीचें तोंड फुटतें आणि सुमारें एक दशांश सेकंदांत पिशवी भरते. दुसऱ्या तऱ्हेंत दोरी नसते. जाकिटांतील इलेक्ट्रॉनिक यंत्र स्वाराचा कल व त्याला बसणारे हिसके सेकंदास शेंकडों वेळां मोजीत असतें, आणि पडण्याचीं चिन्हें दिसतांच सेकंदाच्या कांहीं शतांश भागांत पिशवी फुगवितें.

हा देखावा पोकळ नाहीं. युरोपांत अशा कवचांच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. प्रयोगशाळेंत कवचावर पन्नास जूल ऊर्जेचा घाव घालतात, आणि त्यांतून किती बल पलीकडे पोहोंचतें तें मोजतात. फोमच्या साध्या पाठकवचांत जी वरची श्रेणी आहे, तींत सरासरी ९ किलोन्यूटन बलापर्यंत सूट असते. दोरीनें फुगणाऱ्या कवचाच्या वरच्या श्रेणीस ही मर्यादा अवघी २.५ किलोन्यूटन आहे. म्हणजे त्याच घावाचा पाठीला पोहोंचणारा अंश फारच कमी व्हावा, अशी अपेक्षा येथें धरलेली आहे.

शर्यतीच्या मैदानावर तर या पोशाखाची योग्यता सर्वमान्य झाली आहे. मोटोजीपी या जागतिक स्पर्धेंत २०१८ पासून प्रत्येक स्वारास तो सक्तीचा करण्यांत आला. स्पेनचा मार्क मार्केझ २०१३ सालीं इटलींतील मुजेल्लो येथें सरावाच्या वेळीं ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक वेगांत असतां मोटरसायकलवरून पडला, आणि दोनच दिवसांनीं शर्यतींत उतरला. हें ऐकून एखाद्याला वाटेल कीं, तीनशेंच्या वेगांत जो माणूस वांचतो त्याच्या पोशाखास आपल्या रस्त्यावरील पन्नास-साठचा वेग तो काय जड! श्रोतेहो, नेमकी येथेंच समजुतीची मोठी गफलत होते.

मैदानावर पडणारा स्वार कितीहि वेगांत असला, तरी जमिनीकडे तो पडतो तें जेमतेम तीन-सव्वातीन फुटांवरूनच. तेवढें अंतर पडावयास सुमारें अर्धा सेकंद लागतो. पिशवी फुगावयास एवढा अवधि पुरेसा असतो. जमिनीवर टेंकल्यानंतर तो घसरत जातो. पुढें गवत असतें, रेती असते, मोकळी जागा असते, आणि त्याचा प्रचंड वेग हळूहळू जिरतो. तो वेग पिशवी जिरवीत नाहीं, मैदान जिरवितें. पिशवी सोसते तो जमिनीवर आपटण्याचा आणि लोळण घेण्याचा मार.

आपल्या रस्त्यावर पडणाऱ्यापुढें मात्र दुभाजक असतो, विजेचा खांब असतो, कडेला उभा केलेला ट्रक असतो. येथें वेग हळूहळू जिरत नाहीं, एका क्षणांत संपतो. ताशीं २० किलोमीटर वेगानें अशा अडथळ्यावर आदळणें म्हणजे सुमारें पांच फुटांवरून पडण्यासारखें आहे; ताशीं ५० किलोमीटर वेगानें आदळणें म्हणजे सुमारें बत्तीस फुटांवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखें. वेग अडीचपट झाला, पण आघाताची ऊर्जा सव्वासहापट झाली. आतां फुगलेली पिशवी शरीरास थांबावयास जी जागा देते, ती फार तर कांहीं बोटांची. ती दोन इंच धरली, तर ताशीं २० च्या धडकेंत शरीरावर येणारें बल त्याच्या वजनाच्या सुमारें तीसपट होतें. छातीच्या पिंजऱ्यास तें क्षणभर सोसतां येण्याजोगें आहे. ताशीं ५० च्या धडकेंत मात्र तेंच बल दोनशेंपटीच्या घरांत जातें. तेवढें सोसण्याचें सामर्थ्य कोणत्याहि पिशवींत नाहीं.

वेळेचा हिशेबहि लक्षांत घ्यावा. ताशीं ५० च्या वेगांत माणूस एका दशांश सेकंदांत जवळजवळ साडेचार फूट पुढें जातो. समोरासमोरच्या धडकेंत स्वाराची छाती आणि समोरचें वाहन यांमध्यें एवढेंच अंतर असतें. म्हणून अशा अपघातांत दोरीच्या जाकिटास उशीर होण्याचा संभव राहतो, आणि इलेक्ट्रॉनिक जाकीट त्या मानानें सरस ठरतें. पण त्याचीहि उस्तवार असते. विजेरी भारावी लागते, आणि कांहीं प्रकारांत वार्षिक वर्गणीहि भरावी लागते. दोरीचें जाकीट स्वस्त व सोपें. मात्र दर खेपेस दोरी आठवणीनें अडकविली पाहिजे.

शिवाय पिशवीचें राज्य धडापुरतें आहे. हाच मार्केझ २०२० सालीं स्पेनमधील हेरेझच्या शर्यतींत पडला, तेव्हां एअरबॅग सक्तीची होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. तरी त्याच्या उजव्या दंडाचें हाड मोडलें. हात, पाय, गुडघे आणि मुख्य म्हणजे डोकें, हें सर्व पिशवीच्या हद्दीबाहेर आहे.

डोक्याचा उल्लेख आला म्हणून हेल्मेटविषयीं बोलणें प्राप्त आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नांवानें प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ सालीं मोटरसायकलच्या अपघातांत डोक्याला मार लागून वारले. त्यांना पाहावयास बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढें केर्न्स यांनीं मोटरसायकलस्वारांच्या अपघातांची कसोशीनें मोजदाद केली, आणि १९४१ सालीं हेल्मेटचें महत्त्व वैद्यकीय जगापुढें मांडलें. तेव्हांपासून अनेक देशांत झालेल्या अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष असा आहे कीं, हेल्मेटमुळें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो. एअरबॅग जाकिटाच्या बाजूनें एवढी व्यापक मोजदाद अद्याप उभी नाहीं. आणि आपल्याकडे स्थिति काय आहे? त्याच २०२२ सालीं हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९ माणसें मेलीं, आणि त्यांत १४,३३७ माणसें मागें बसलेलीं होतीं. पुण्यासारख्या सुविद्य शहरांत हेल्मेटसक्तीला विरोध होतो, आणि त्याच शहरांतील तरुण हजारों रुपयांच्या जाकिटाची चौकशी करतो, हा प्रकार दाराला कडी न लावतां तिजोरी विकत घेण्यासारखा आहे.

मग हें जाकीट घेण्याजोगें आहे काय? माझें उत्तर आहे: होय, पण शेवटीं. परदेशांत त्याची किंमत चार-पांचशें डॉलरांपासून पुढें जाते. एवढ्या रकमेंत पुष्कळ कांहीं होऊं शकतें. प्रथम चालविणाऱ्यास आणि मागें बसणाऱ्यास प्रत्येकीं एक प्रमाणित हेल्मेट घ्यावें, आणि त्याचा पट्टा आवळून लावावा. नंतर ब्रेक व टायर नीट ठेवावे. नवी गाडी घ्यावयाची तर घसरण टाळणारी ब्रेकची योजना, म्हणजे एबीएस, तींत असावी. नंतर हातमोजे, घोट्यापर्यंत येणारे बूट आणि घर्षणास टिकणारें जाकीट, कारण नुसत्या एअरबॅगनें कातडी सोलवटण्याचें राहत नाहीं. एवढें सर्व ज्याच्यापाशीं आहे, आणि ज्याला नोकरीनिमित्त वा प्रवासाच्या आवडीनें रोज लांब पल्ला गांठावा लागतो, त्यानें खुशाल हें जाकीट घ्यावें. गाडी घसरून पडणें, बाजूनें धक्का लागणें, वळणावर तोल जाणें, अशा मध्यम आघातांत त्याच्या बरगड्या, गळपट्टीचें हाड आणि पाठीचा कणा यांना त्याचा खरा आधार आहे.

एक गोष्ट मात्र घरांतील वडील मंडळींनीं जाकीट हातांत देतांनाच सांगून ठेवावी. वेग पन्नासावरून साठावर गेला, कीं आघाताची ऊर्जा चव्वेचाळीस टक्क्यांनीं वाढते. अंगांत चिलखत आहे म्हणून ज्यानें वेग तेवढा वाढविला, त्यानें जाकिटासाठीं मोजलेले पैसे रस्त्यावर पहिल्याच वळणावर उधळून टाकले असें समजावें.