उतारशाळेच्या धन्याचे देणे



ज्युबिलीच्या प्रसंगी धर्मगुरूने गतकालाचे गुणगान करावे असा प्रघात आहे. मला मात्र आज औंढे व आसपासच्या वाड्यांतील दुखणेकऱ्यांविषयी बोलावयाचे आहे.

दयाळू शोमरोनी आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु निघतेवेळी त्याने उतारशाळेच्या धन्यास दोन दिनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे वचन दिले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. धन्याचे देणे बुडाले असते, तर पुढील जखमी वाटसरूसाठी ते दार उघडे राहिले असते काय?

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. फार उत्तम झाले. तथापि निःशुल्क म्हणजे कोणीच पैसे भरले नाहीत असे नव्हे. मोळी विकणारी कातकरी भगिनी साबणाची वडी घेते, तेव्हा तीही कर भरते. आणि तिने स्वतः कदाचित रुग्णालयाची पायरीही पाहिलेली नसते.

क्षयाचेच पाहा. साध्या क्षयावर सहा महिने औषध सरकार देते. पोषणासाठी दरमहा मिळणारे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. दोन महिन्यांत खोकला थांबतो, आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. अर्धवट मारलेले जंतू मग त्या औषधास दाद देईनासे होतात. पुढचे औषध कित्येक पटींनी महाग. आणि तोच हट्टी क्षय घरातील लेकरास जडू शकतो. यात केवळ आळस असतो असे मी म्हणणार नाही. मजुरी बुडते, एस. टी. चुकते, रोगाचे नाव फुटले तर मुलीचे लग्न मोडेल ही धास्ती असते.

पण दुसऱ्याचे दोष सांगून थांबणे मला शोभणार नाही. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीने राखाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली घालून दिली. काही वर्षांपूर्वी एक सुस्थितीतील गृहस्थ मजकडे आले. “फादर, आम्ही गरीब आहोत एवढेच लिहून द्या.” बाकीचे कागद त्यांनी जमविलेच होते. मी भिडेस्तव लिहून दिले. खाट त्यांना मिळाली. त्या आठवड्यात ती कोणास नाकारली गेली, हे मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून घर पाहिल्यावाचून मी अशी चिठ्ठी देत नाही. त्यामुळे काहीजण रुष्टही आहेत. असोत.

आता एक मागणे. ज्युबिलीच्या वर्गणीतून जे उरेल, ते क्षयरोग्यांच्या एस. टी. भाड्यासाठी ठेवावे. तसेच ज्यांना जमेल त्यांनी एकेका रोग्याची शेवटची गोळी संपेपर्यंत विचारपूस करण्याचे पत्करावे. अशांनी आपली नावे मिस्सानंतर मजकडे द्यावीत. रोग्याचे नाव मात्र चारचौघांत काढू नये.