फवारलेलें शेत आणि पोटांतील मूल

आजचा विषय मीं मागून घेतला आहे. मी राहतों तें जवळा बाजार हें गांव हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत आहे. भोंवतालीं कापूस, सोयाबीन आणि हळद. आषाढापासून आश्विनापर्यंत या पिकांवर कीटकनाशकांची फवारणी चालते, आणि त्याच महिन्यांत खुरपणीसाठीं, व पुढें वेचणीसाठीं, बायकांच्या टोळ्या त्याच शेतांतून फिरतात. त्यांत कांहीं गर्भवती असतात. फवारणीचा दिवस किडीवर ठरतो, खुरपणीचा तणावर, आणि गर्भाचे दिवस तर कोणासही विचारून ठरत नाहींत. या तिहींची गांठ पडली म्हणजे पोटांतील मुलास काय सोसावें लागतें, आणि तें टाळणें कोणाच्या हातीं आहे, एवढेंच मला सांगावयाचें आहे. हा प्रश्न खेड्याचा, आपला नव्हे, असें शहरांतील श्रोत्यांनीं कृपा करून समजूं नये.

२०१७ सालचा यवतमाळचा प्रसंग आपणांस आठवत असेल. त्या वर्षींच्या पावसाळ्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत २० हून अधिक माणसें दगावलीं आणि शेकडों रुग्णालयांत दाखल झालीं. कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, हवा दमट व कोंदट होती, आणि दोनतीन औषधें एकत्र कालवून मारण्याची रीत पडली होती. फवारा वर धरावा तों तो अंगावरच उतरे. वर्तमानपत्रांत त्या मृत्यूंची मोजदाद झाली, सरकारनें चौकशीही नेमली. परंतु ती मोजदाद मुख्यतः पंप पाठीवर घेणाऱ्यांची होती. जी बाई दुसऱ्या दिवशीं त्याच ओळींतून वांकून गेली, तिला कदाचित् मळमळ झाली असेल, डोकें दुखलें असेल. आणि गर्भवतीस मळमळ होणें यांत नवल तें कसलें, म्हणून ती घरीं जाऊन निजली असेल. तिची इजा यादींत येत नाहीं, कारण ती एका दिवसांत दिसत नाहीं.

आमच्याकडे या द्रव्यास ‘औषध’ म्हणतात. डॉक्टरच्या बाटलींतलेंही औषध आणि पंपांतलेंही औषध! भाषा शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास या एका शब्दाची भीति वाटते. विष म्हटलें असतें तर घागर धुण्यापूर्वीं हात थबकला असता. औषध म्हटल्यावर रिकामा डबा धुऊन त्यांत धान्य वा पाणी भरण्यास कोणाचें मन कचरत नाहीं.

आतां हें द्रव्य बाईच्या अंगांत शिरतें कसें तें पाहूं. बहुतेक घरांत ती पंप पाठीवर घेत नाहीं, म्हणून तिचा संबंध नाहीं असें पुरुष मानतात. पण फवारणीसाठीं पाणी वाहून आणते ती, पुष्कळदां तें कालवतेही ती. हळदींत खुरपतांना ओलीं पानें कोपरांपर्यंत घासतात. कपाशी वेचतांना बोंडाच्या टोंकांनीं बोटें सोललेलीं असतात आणि सोललेल्या कातडींतून द्रव्य अधिक लवकर आंत जातें. संध्याकाळीं धन्याचा सदरा घरच्या कपड्यांत एकत्र धुणारी तीच. एका बाईस मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, ‘‘गुरुजी, वास गेला म्हंजे औषध गेलं.’’ ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती खोटी आहे. वास उडाल्यावरही पानावरचा अंश कित्येक दिवस उरूं शकतो.

क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस हीं नांवें आमच्या भागांतील शेतकऱ्यास पाठ आहेत. हीं सर्व ऑर्गॅनोफॉस्फेट या एका कुळांतलीं. मज्जातंतूचा निरोप स्नायूस पोंचला म्हणजे तो निरोप पुसून टाकणारें एक विकर शरीरांत असतें. हें द्रव्य त्या विकरालाच जखडून टाकतें. निरोप पुसला जात नाहीं, स्नायु आंखडूं लागतात, लाळ व घाम सुटतो, श्वास कोंडतो. कीड मरते ती अशी, आणि माणसाची मज्जासंस्था याच तत्त्वावर चालते. वार ही गर्भासाठीं कडेकोट भिंत आहे अशी आपली समजूत असते; परंतु हीं द्रव्यें वारेंतून पलीकडे जातात आणि नाळेच्या रक्तांत सांपडलीं आहेत. त्यांतून आणखी एक गोष्ट अशी कीं, या विषाचें विघटन करणारें जें विकर आपल्या रक्तांत असतें, तें कॅलिफोर्नियांत झालेल्या तपासणींत नवजात मुलांत आईच्या सरासरीनें चौथाई भरलें. म्हणजे आईला जें सोसेल तें मुलाला सोसेलच असें नाहीं.

येथें सावधपणें बोललें पाहिजे. एखादें मूल कमी वजनाचें जन्मलें तें औषधामुळेंच, असें मी म्हणत नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरींत भारतांतील गर्भवतींपैकीं ५२ टक्के स्त्रियांस रक्तक्षय आढळला. अर्धपोटीं राहणें, रक्त कमी असणें, दिवस भरेपर्यंत ओणव्यानें काम करणें, यांत औषधाचा वाटा किती, हें एका मुलाकडे पाहून कोणताही डॉक्टर सांगूं शकणार नाहीं. त्यासाठीं शेकडों मातांची गर्भापासून नोंद ठेवावी लागते, आणि अशी नोंद ठेवली गेली आहे.

कॅलिफोर्नियांत सॅलिनास नांवाचें खोरें आहे. तेथें भाजीपाला व स्ट्रॉबेरी पिकते आणि मेक्सिकोहून आलेलीं कुटुंबें मजुरी करतात. बर्कले विद्यापीठानें तेथील गर्भवतींच्या लघवींत या द्रव्यांचे अवशेष मोजले व पुढें त्यांच्या मुलांस वर्षानुवर्षें तपासलें. ज्या मातांत अवशेष सर्वांत अधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्धिमापनाचा अंक सातव्या वर्षीं सर्वांत कमी अवशेषांच्या मातांच्या मुलांपेक्षां सरासरी सातांनीं कमी भरला. हें २०११ सालीं प्रसिद्ध झालें.

दुसरी नोंद न्यूयॉर्क शहरांतली आहे, आणि ती शहरी श्रोत्यांनीं विशेष ऐकावी. तेथें शेत नव्हतें. गरीब वस्तींतल्या इमारतींत झुरळांवर क्लोरपायरिफॉस मारीत असत. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं नाळेचें रक्त तपासलें. ज्यांच्या रक्तांत हें द्रव्य व त्याचें भावंड डायझिनॉन सर्वांत अधिक होतें, त्या मुलांचें जन्माचें वजन सर्वांत कमी असलेल्यांहून सरासरी १८६ ग्रॅमनीं कमी भरलें. पुढें तेथील सरकारनें या द्रव्यांचा घरगुती वापर बंद करण्यास सुरवात केली. २००१ नंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तांत तें फार कमी झालें आणि वजनाशीं त्याचा संबंधही दिसेनासा झाला. क्लोरपायरिफॉस आपल्याकडे वाळवीवर घरांच्या पायांत व भिंतींत वर्षानुवर्षें वापरलें गेलें आहे. लेक बाळंतपणाला माहेरीं यावयाची म्हणून घर नीटनेटकें करण्याच्या भरांत आपण नेमकी वाळवीची फवारणी करून घेतों! २०२५ सालीं स्टॉकहोम कराराच्या सभेनें हें द्रव्य, कांहीं उपयोगांस सवलत ठेवून, जगांतून हटविण्याच्या यादींत घातलें.

मग पुरावा निःशंक होईपर्यंत थांबावें काय? केरळांतील कासरगोड जिल्ह्यांत, जेथें मराठी बोलणारीं घरेंही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेथें सरकारी मंडळाच्या काजूच्या मळ्यांवर सुमारें वीस वर्षें, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलें गेलें. व्यंग असलेलीं मुलें जन्मतात ही गांवकऱ्यांची तक्रार होती. कारणाविषयींचा वाद शास्त्रज्ञांत मिटलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं तें द्रव्य देशांत थांबविलें आणि २०१७ सालीं बाधितांस प्रत्येकीं ५ लाख रुपये देण्यास केरळ सरकारला फर्माविलें. त्या पैशाची वाट पाहणाऱ्यांत चाळिशीकडे झुकलेलीं ‘मुलें’ होतीं.

पुष्कळ सुज्ञ माणसें म्हणतात, गर्भवतीनें फवारलेल्या शेतांत जाऊं नये, म्हणजे झालें. सल्ला चांगला आहे, पण तो उशिरां पोंचतो. ज्यांतून मेंदू व पाठीचा कणा घडावयाचा ती नळी गर्भधारणेपासून सुमारें २८ दिवसांत मिटून पुरी होते. त्या वेळीं पाळी चुकून दोन आठवडेही झालेले नसतात. बाईला स्वतःलाही खात्री नसते, मग मुकादमास ती काय सांगणार? आणि खात्री झाली तरी आमच्याकडे तीन महिने बोलण्याची रीत नाहीं. पुढें सांगावें तर रोज बुडतो. पगारी प्रसूतिरजा नोकरदार बाईला २६ आठवड्यांची आहे. रोजंदारीच्या खुरपणीवालीस एक दिवसाचीही नाहीं. पहिल्या मुलाच्या वेळीं मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, ते कांहीं सारा पावसाळा पुरत नाहींत. म्हणून गर्भवतीस शेतापासून दूर ठेवण्याचा नियम अपुरा आहे. शेतच कोणत्याही बाईस जाण्याजोगें होईपर्यंत तेथें टोळी नेऊं नये, हा नियम पाहिजे.

अमेरिकेंत फवारणीनंतर मजुरानें किती तासांनीं शेतांत शिरावें हें बाटलीवर छापावें लागतें. कांहीं तासांपासून कित्येक दिवसांपर्यंत ती मुदत असते. आपल्या बाटलीवर शेवटची फवारणी व काढणी यांमधील दिवस असतात, पण ते माल खाणाऱ्यासाठीं मोजलेले आहेत. आपल्या ताटांतील भेंडी सुरक्षित व्हावी म्हणून दिवस मोजले जातात. ती भेंडी तोडण्याआधीं तिच्याभोंवतालचें तण काढणारीचे दिवस कोण मोजतो? बाटलीवरचा त्रिकोण, तांबडा, पिंवळा, निळा वा हिरवा, तोही एका वेळीं किती मात्रेनें प्राण जातील तेवढेंच सांगतो. हिरवा त्रिकोण पाहून गर्भास भय नाहीं असें समजणें चूक आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांची जमीन गांवीं आहे, ती बटईनें दिलेली आहे, आणि औषधाच्या खर्चांत आपला अर्धा वांटा असतो. दुकानदाराची चिठ्ठी दूरध्वनीवरून आपणांस वाचून दाखविली जाते. त्याच वेळीं फवारणी कोणत्या दिवशीं आणि खुरपणी कोणत्या दिवशीं, हें विचारतां येईल. खुरपणी आधीं, फवारणी मागाहून, असा क्रम साधला तर निम्मा प्रश्न सुटतो. तो न साधला तर फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावर तांबडें फडकें बांधून त्यावर तारीख लिहावी व ठरलेले दिवस कोणासही आंत सोडूं नये. बटईदार म्हणेल, तेवढ्यांत तण वाढतें आणि टोळी दुसऱ्याच्या शेतांत निघून जाते. तो खोटें बोलत नसतो. टोळी थांबवून ठेवावयाची तर त्या दिवसांचा रोज कोणी तरी द्यावा लागेल, आणि तो दोघांच्या हिशेबांत कोणत्या बाजूस मांडावा, हें दिवाळीस गांवीं गेल्यावर नव्हे, तर मृगापूर्वींच त्याच्याशीं बोलून ठेवावें.