यंत्र बदलते, विद्या टिकते
(नाटे येथील ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपली अनेक मुलेमुली मुंबई-पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहेत, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु चाळिशी ओलांडलेल्या तंत्रज्ञास एक प्रश्न छळतो : ‘माझी विद्या जुनी झाली, मग मी कोण?’

याचे उत्तर साखरी नाट्याच्या बंदरावर मिळते. शिडे गेली, इंजिने आली. आता उपग्रहाच्या आधारे वाट दाखविणारे यंत्रही आले. तरी तांडेल तांडेलच राहिला. कारण तो मुळात समुद्राचा जाणकार. टंकलेखकांचेही तसेच. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र काढले. २००९ साली त्याचे उत्पादन थांबले. ज्याने शुद्धलेखन व मजकुराची मांडणी हीच आपली विद्या मानली, त्याला संगणक परका वाटला नाही.

म्हणून विनंती एवढीच, की वडीलधाऱ्यांनी धाकट्यांपाशी शिकण्यात कमीपणा मानू नये. धाकट्यांनीही शिकविताना त्यांचा मान राखावा. आपला शिष्यवृत्ती निधी केवळ शाळकरी मुलांसाठी न ठेवता, पुन्हा शिकू इच्छिणाऱ्या प्रौढांनाही त्यातून साहाय्य मिळावे, अशी सूचना मांडून मी आपली रजा घेतो.