आईला कॅन्सर होता, मला एचआयव्ही आहे. मग?

आज भिवंडीतून बोलतेय. मागे लूमचा खडखडाट ऐकू आला तर सांभाळून घ्या, इथे तो रात्रीही थांबत नाही.

कांडी भरायचं काम करणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं, "आई पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. मला एचआयव्ही आहे. म्हणजे रक्तातच आहे ना, मलाही होणार?"

"रक्तातच आहे" म्हणताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एचआयव्ही रक्तात असतो, पण तो आनुवंशिक नाही. आणि हा कॅन्सर मुख्यतः घराण्यातून येत नाही, तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे शोधणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. एचपीव्ही बहुतेक बायकांना कधी ना कधी होतो आणि एक-दोन वर्षांत शरीर त्याला हाकलून देतं. एचआयव्ही असेल तर ही हाकलण्याची ताकद कमी पडते, विषाणू ठाण मांडून बसतो. म्हणून एचआयव्ही असलेल्या स्त्रीला या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग जनुकांचं काहीच नाही का? आहे, थोडं आहे. आपल्या पेशींवर एचएलए नावाची ओळखपत्रं असतात. विषाणूचा तुकडा सैनिक पेशींना दाखवायचं काम त्यांचं. कुणाची ओळखपत्रं हे काम चांगलं करतात, कुणाची कमी, आणि ती आई-वडिलांकडून येतात. लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरबाबतही १९९९ मध्ये असं दिसलं, की एचआयव्ही असलेल्यांत एसडीएफ-१ जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असेल तर धोका साधारण दुप्पट, दोन्ही पालकांकडून आला असेल तर चौपट. संशोधकांना हे महत्त्वाचं. पण त्यासाठी तुम्ही हजारो रुपयांची जनुक चाचणी करू नका, त्यानं तुमचे उपचार बदलत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरचं वेगळं. आई, मावशी, बहीण अशा जवळच्या दोघी-तिघींना तो झाला असेल तर बीआरसीएबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, एचआयव्ही असो वा नसो.

(तंबाखूची पुडी खिशात ठेवून जनुकांची चौकशी करणारेही भेटतात. त्यांना काय सांगणार!)

आता जे हातात आहे ते. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका पातळ व्हिनेगर लावून पिशवीचं तोंड बघायच्या. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादच्या खेड्यांतल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी ही तपासणी हवी. मिळत असेल तर एचपीव्हीची डीएनए चाचणीच घ्या.

आणि एआरटी चुकवू नका. सीडी४ चांगला राहिला की शरीर एचपीव्हीशी बरं लढतं.

तपासणी काही मिनिटांची असते. पाळी चालू नसताना जा. गोळ्या आणायला जाता त्याच दिवशी समुपदेशक ताईंना विचारून ठेवा, म्हणजे कामावर दुसरा खाडा पडणार नाही.