जंगलाचा अमानतदार
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी तीच चर्चा सुरू होते. मुलाला दुकानावर बसवायचे, आय.टी.आय.ला घालायचे, की आखातात पाठवायचे? मुलगी असेल तर शिक्षिका किंवा नर्स, नाहीतर लग्न. या यादीत वनखात्याचे नाव क्वचितच निघते. निघालेच तर वडील म्हणतात, "जंगलात राखणदारी करायला शिकवले का तुला?" म्हणून वनरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे ज्याला आपण रेंजर म्हणतो, यांच्या कामाविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

हे काम नुसती राखणदारी नव्हे. १९५५ साली ताडोबा हे आपल्या राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपला मेळघाट होता. आज ताडोबा-अंधारी, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा आणि सह्याद्री असे सहा व्याघ्र प्रकल्प महाराष्ट्रात आहेत. या जंगलांचे लहान लहान भाग पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात. एका बीटाची जबाबदारी एका वनरक्षकावर असते. त्याच्या वर वनपाल, आणि त्याच्या वर रेंजर.

आता त्याच्या अधिकाराकडे पाहा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५० प्रमाणे सबळ कारण असेल तर झडती घेण्याचा, माल जप्त करण्याचा आणि आरोपीला अटक करण्याचा अधिकार पोलिसांत फौजदार व त्यावरील अधिकाऱ्यांना आहे. वनखात्यात मात्र तो कोणत्याही वन अधिकाऱ्याला आहे, आणि कायद्याच्या भाषेत साधा वनरक्षकसुद्धा वन अधिकारीच आहे. वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार सिद्ध झाली, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. बारावी झालेल्या तरुणाच्या हाती सरकारने केवढा विश्वास ठेवला आहे!

पण ज्याच्या हाती अधिकार, त्याच्यावर हिशेबही तेवढाच. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तिथे दंडुका उपयोगी पडत नाही, कागद उपयोगी पडतो. फासा कुठे सापडला, किती वाजता, तार किती लांबीची होती, पंच कोण होते, मुद्देमालाला सील केव्हा लावले, हे सर्व पंचनाम्यात स्वच्छ लिहिलेले असावे लागते. पंचनामा ढिसाळ असेल तर खरा शिकारी सुटतो, आणि घाईने लिहिला तर गरीब निरपराध अडकतो. विद्यार्थी मित्रहो, निबंधाच्या तासाला "सर, हे लिहून काय होणार?" असे तुम्ही विचारता. त्याचे एक उत्तर हे आहे.

जंगलाच्या कडेला दोन प्रकारची माणसे भेटतात. एक जण रानडुकरासाठी तारेत वीज सोडतो, आणि त्या तारेत वाघही मरतो, वाटसरूही मरतो. दुसरी असते डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चाललेली म्हातारी. कायद्याचे पुस्तक दोघांसाठी एकच आहे. पण दोघांतला फरक ओळखण्यासाठी माणूस लागतो. विनाकारण संशयाने पाहिले गेले की मनाला काय वाटते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच आपला मुलगा वर्दी घालील तेव्हा त्याने ती वर्दी न्यायाने चालवावी, अशी माझी अपेक्षा आहे. अधिकार ही मालकी नव्हे, अमानत आहे.

संकटाच्या वेळी तर वनरक्षकालाच आधी धावावे लागते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम धरतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवतो, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून कोणी रान पेटवतो, आणि वारा ती आग डोंगरभर नेतो. आता उपग्रहावरून आगीची सूचना मोबाइलवर येते. पण विझवायला माणसालाच जावे लागते. हिरव्या फांद्यांनी आग झोडपायची, जाळरेषा राखायची आणि रात्रभर निखाऱ्यांवर नजर ठेवायची.

ऊसपट्ट्यात बिबट्या विहिरीत पडतो. त्याला खाट किंवा पिंजरा सोडून वर काढणे हे काम अर्धेच. काठावर जमलेल्या शेकडो माणसांना शांत ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक कठीण. ज्याची गाय वाघाने नेली, त्या शेतकऱ्याच्या दारातही वनरक्षकच जातो, त्याची शिवीगाळ ऐकून घेतो आणि भरपाईसाठी पंचनामा करतो. त्याने तो वेळेवर केला तर शेतकरी वाघावर विष घालत नाही. वाघ वाचतो तो असा.

धोका आहे, तो लपवून मी तुमची मुले मागणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पायी पाहणीत असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती कामावर होती. ही बातमी वाचून कोणती आई कचरणार नाही? पण माता-भगिनींनो, त्यानंतरही महाराष्ट्रातल्या मुलींनी वनरक्षक भरतीचे अर्ज भरणे थांबवलेले नाही. धोका पत्करायचा की नाही, हे मुलीला पूर्ण माहिती देऊन, तिच्याशी बोलून ठरवा. तिला न विचारता "आपल्यात असे चालत नाही" म्हणू नका.

आपल्यात काय चालते ते पाहू. एहराम बांधलेल्या हाजीला रानातली शिकार मना आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत आपोआप उगवलेले झाड तोडणेही मना आहे. ज्या दीनने राखीव क्षेत्राची कल्पना इतक्या शतकांपूर्वी दिली, त्याच्या अनुयायांना जंगल परके कसे? मुंबईच्या डॉ. सलीम अली यांनी पक्ष्यांच्या अभ्यासाला सारे आयुष्य वाहिले, आणि १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता मराठीला जंगलाचे शब्द दिले, आणि २००६ साली ते सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आता वाट सांगतो. वनरक्षकासाठी बारावी हवी, आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय हवा. म्हणून अकरावीला विषय निवडतानाच विचार करा. लेखी परीक्षा असते. मुलांना पाच व मुलींना तीन किलोमीटर धावावे लागते. पुढे चालण्याची चाचणी असते, मुलांना चार तासांत पंचवीस किलोमीटर आणि मुलींना सोळा. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. तांबोळी, पिंजारी, मोमीन, बागवान अशा ज्या बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात, त्यांनी जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. जाहिरात निघाल्यावर तहसीलच्या पायऱ्या झिजवण्यात मुदत निघून जाते. पदवीनंतर रेंजर व सहायक वनसंरक्षक या पदांसाठी लोकसेवा आयोगाची महाराष्ट्र वनसेवा परीक्षा आहे. अटी बदलू शकतात, म्हणून प्रत्येक जाहिरात स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पालकांनो, माझी मागणी मोठी नाही. घरातल्या चर्चेच्या यादीत हे एक नाव वाढवा. आणि विद्यार्थ्यांनो, फजरच्या नमाजनंतर मैदान मोकळे असते. आधी तिथे धावा, मग घरी येऊन एक पान शुद्ध मराठीत लिहा. या दोन सवयी लागल्या तर वनखात्यातच काय, कुठेही तुमचे अडणार नाही.